बाज उचलणारे चौघे



आपल्या हिंगोली जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. डेअरीवर दूध घालायचे, हळदीचा भाव पाहायला वसमतच्या बाजारात जायचे, लेकराला कळमनुरीच्या शाळेत सोडायचे, रविवारी मिस्सेला यायचे, सारे काही दुचाकीवरच चालते. तरुणांचे तर विचारूच नका. सुटीच्या दिवशी दहा-बारा गाड्या एकत्र निघतात आणि दोन-तीन जिल्हे पालथे घालून येतात. अशा फिरण्यातून जमलेली मैत्री जात, धर्म किंवा शिक्षण पाहत नाही. शिस्तीने फिरणाऱ्या गटात एक चांगला नियम असतो. एक अनुभवी स्वार सगळ्यांत शेवटी राहतो. कोणाची गाडी बंद पडली की तो थांबतो, पुढच्यांना कळवतो आणि मागे पडलेल्याला घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

पण गाडी नव्हे, त्या स्वाराचे शरीरच बंद पडू लागले तर? पंचविशीतल्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, किंवा रक्ताचा कर्करोग निघाला, तर त्याचे सोबती काय करतात? पहिल्या आठवड्यात दवाखान्याबाहेर गाड्यांची रांग लागते. फोन थांबत नाहीत. चौथ्या महिन्यात मात्र त्याच्या दारात एकही गाडी दिसत नाही. हे कोणाच्या दुष्टपणामुळे घडत नाही. आजार लांबला की काय करावे, हेच आपल्याला माहीत नसते, आणि रिकाम्या हातांनी जायची लाज वाटते. म्हणून आजच्या पाठात आपण आजारी सोबत्याला शेवटपर्यंत साथ कशी द्यावी याचा विचार करू.

१. शुभवर्तमानातील चौघे

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची घटना आहे. एका पक्षघाती माणसाला चार जण बाजेवर घालून प्रभू येशूकडे आणतात. दारात एवढी गर्दी असते की आत शिरता येत नाही. तेव्हा ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि आजाऱ्याला बाजेसकट खाली सोडतात.

शहरातल्या वाचकाला हे छप्पर उकरणे चमत्कारिक वाटते. आपल्याला वाटू नये, कारण आपल्या मराठवाड्यातले माळवद असेच असते. भिंतीवर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काड्या आणि वर मातीचा जाड थर. गालीलातील घरेही साधारण अशीच सपाट, मातीच्या छपराची होती. माळवद उकरायचे म्हणजे काय, हे ज्याने जुने घर पाहिले आहे त्याला सांगायला नको. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असणार, घरमालक ओरडला असणार.

या घटनेतून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, ते चौघे होते. बाजेला चार कोपरे असतात आणि एकट्याला ती उचलत नाही. दुसरी, अडचण आल्यावर ते परत गेले नाहीत. ‘आम्ही प्रयत्न केला, पण गर्दीच फार होती’ असे घरच्यांना सांगता आले असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानकार लिहितो. आजारी माणसात स्वतः विश्वास धरण्याचे बळ उरलेले नसते, तेव्हा त्याच्या सोबत्यांचा विश्वास त्याच्या उपयोगी पडतो.

त्या चौघांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. आणखी एक गोष्ट लिहिलेली नाही, ती म्हणजे ते छप्पर नंतर कोणी बुजवले? बरा झालेला माणूस बाज उचलून घरी गेला, लोकांनी देवाची स्तुती केली, पण घराला पडलेले भगदाड तसेच होते. कोणाला तरी माती कालवावी लागली असेल. मोठ्या प्रसंगानंतर मागे राहणारे हे काम करायला जो थांबतो, तोही त्या बाजेचा वाटेकरी आहे.

दुसरा दाखला दयाळू शोमरोन्याचा. संत लूक सांगतो की त्याने जखमी माणसाला आपल्या स्वतःच्या जनावरावर बसवले. म्हणजे उरलेली वाट तो बहुधा पायी चालला. त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि ‘परत येताना उरलेला हिशोब पुरा करीन’ अशा अर्थाचे वचनही दिले. वाहन, पैसा आणि पुन्हा येण्याचे वचन या तिन्ही गोष्टी त्याने दिल्या. आपण पुष्कळदा पहिल्या दोन देतो आणि तिसरी विसरतो.

२. दुचाकीवरून केलेली सेवा

पश्चिम बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात करीमुल हक हे चहाच्या मळ्यातील कामगार. १९९५ मध्ये त्यांच्या आईचा मृत्यू झाला. वेळेवर रुग्णवाहिका मिळाली नव्हती. काही वर्षांनी मळ्यात त्यांचा एक सोबती कोसळला. पुन्हा तीच वेळ. या खेपेस मात्र त्यांनी सोबत्याला आपल्या पाठीशी बांधले आणि मोटारसायकलवरून रुग्णालयात नेले. तो वाचला. तेव्हापासून आसपासच्या खेड्यांतील हजारो आजाऱ्यांना त्यांनी विनामूल्य दवाखान्यात पोहोचवले. लोक त्यांना ‘बाइक अॅम्ब्युलन्स दादा’ म्हणतात. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्य सरकारनेही मुंबईच्या गर्दीसाठी १० मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू केल्या.

दुसरे उदाहरण जर्मनीतले. राउडरफेन नावाच्या गावात कर्करोगाने गंभीर आजारी असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलींचा फार नाद होता. काही स्वारांनी घरावरून गाड्या न्याव्यात म्हणजे पोराला आनंद होईल, एवढीच घरच्यांची विनंती होती. वीस-तीस गाड्या येतील असे वाटले होते. जुलै २०२१ मध्ये त्या दिवशी हजारो स्वार आले. वृत्तपत्रांनी आकडा सुमारे १५ हजार सांगितला. त्यांच्या हातात औषध नव्हते. पण ‘तू एकटा नाहीस’ हे त्या मुलाला कानांनी ऐकता आले.

तिसरे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेतले. जून २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकात जमलेल्या हजारो मोटारसायकलस्वारांना आशीर्वाद दिला. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने त्यांना एक मोटारसायकल भेट दिली होती. पोप महोदयांनी तिच्या टाकीवर सही केली आणि गाडी लिलावाला दिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिस येथे ती २ लाख ४१ हजार ५०० युरोंना विकली गेली. ही रक्कम रोमच्या रेल्वे स्थानकाजवळ कारितास संस्थेमार्फत चालणाऱ्या गरिबांच्या निवाऱ्यासाठी आणि अन्नछत्रासाठी होती. चैनीची समजली जाणारी वस्तू भुकेल्याच्या ताटातली भाकरी कशी होऊ शकते, हे त्यातून दिसले.

ही उदाहरणे वेगवेगळी आहेत. एकाने आपली पाठ दिली, हजारोंनी आपला एक दिवस दिला, एकाने आपली भेटवस्तू दिली. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले. आता आपल्याजवळ काय आहे ते पाहू.

३. बाजेचे चार कोपरे

पहिला कोपरा – रक्त. रक्ताच्या कर्करोगात रुग्णाला रक्त तर लागतेच, पण प्लेटलेट्स वरचेवर लागतात. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रक्तातील लाल पेशी थंड पेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र ५ दिवसच टिकतात. म्हणून बारा मित्रांनी एकाच दिवशी धावत जाऊन रक्त दिले, तर पुढच्या आठवड्यात गरज पडेल तेव्हा देणारा उरत नाही. पुरुषाला एकदा रक्तदान केल्यावर ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते. त्यापेक्षा वही करावी. प्रत्येकाचा रक्तगट, शेवटचे रक्तदान कधी झाले आणि फोन नंबर लिहावा, आणि डॉक्टर सांगतील तशी पाळी लावावी. वय १८ वर्षे पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. ज्या रुग्णाला पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचे असते, त्याला सख्ख्या नातलगांचे रक्त देणे डॉक्टर टाळतात. अशा वेळी भाऊ बाजूला राहतो आणि मित्रच कामाला येतो. रक्त विकत देणे-घेणे आपल्या देशात १९९८ पासून बंद आहे, हेही लक्षात असू द्यावे. दलाल भेटला तर त्याच्या नादी लागू नये.

दुसरा कोपरा – कागद. मोठ्या आजारात घरचे लोक भांबावलेले असतात. आई रडते, वडील शेत विकायला काढतात. अशा वेळी एखाद्या शिकलेल्या सोबत्याने फाईल हातात घेतली तर घर वाचते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत आपला शेजारी नांदेड होता. २०१३ मध्ये ती सर्व राज्यात आली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०२४ पासून या योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ यांना भेटावे. ऑपरेशन होऊन बिल भरल्यावर नव्हे, दाखल होतानाच भेटावे. धर्मादाय कायद्याखालील मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. तहसीलमधून तो दाखला आणण्याची एक फेरी, हीसुद्धा दयेचीच कृती आहे.

तिसरा कोपरा – वाट आणि हात. किडनीच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास जातात. जाणे-येणे धरले तर दिवस गेला. महिन्याला दहा-बारा दिवस त्याच्याबरोबर जाणार कोण? एक भाऊ गेला तर त्याची मजुरी बुडते. दहा मित्रांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यात एकच दिवस येतो. डायलिसिसनंतर चक्कर येऊ शकते, म्हणून अशा रुग्णाला दुचाकीवर मागे बसवून आणण्यापेक्षा बस, ऑटो किंवा कोणाची चारचाकी पाहावी. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले तर उपचारापेक्षा राहण्याचा प्रश्न मोठा होतो. दादरची श्री गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आणि नातलगांना आसरा देते. तेथे आधी चौकशी करूनच निघावे.

आणि हात म्हणजे शेतातले हात. आजार हंगाम पाहत नाही. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची वेळ आली आणि घरचा कर्ता दवाखान्यात, तर वर्षाची कमाई मातीत जाते. चार जणांनी दोन दिवस त्याच्या शेतात जाऊन कुकरवर हळद शिजवून दिली, तर ती मदत कोणत्याही वर्गणीपेक्षा मोठी. त्याचा स्वाभिमानही राखला जातो, कारण त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

चौथा कोपरा – सोबत. हा कोपरा सर्वांत हलका दिसतो आणि सर्वांत लवकर सुटतो. आजारी माणसाला उपदेश नको असतो. ‘धीर धर’ हे शब्द त्याने शंभरदा ऐकलेले असतात. त्याला गाडीच्या गप्पा हव्या असतात, कोणाची चेन तुटली, कोणी कोठे वाट चुकले, हे ऐकायचे असते. संत विन्सेंट दी पॉल सोसायटीची सुरुवात १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण मित्रांनी केली. त्यांची पद्धत साधी आहे. गरजूच्या घरी दोघांनी मिळून जायचे आणि पुन्हा पुन्हा जायचे. आपणही हीच पद्धत घ्यावी. एका वेळी दोघे, पंधरा मिनिटे, पण ठरलेल्या दिवशी नक्की.

४. काय टाळावे?

प्रेमापोटीही नुकसान होते. म्हणून काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते. सर्दी-खोकला असलेल्याने त्याला भेटायला जाऊ नये. गर्दी करू नये. हात धुऊनच जवळ जावे.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे आणि केळी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. किडनीच्या रुग्णाला यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. काय आणावे हे घरच्यांना विचारूनच न्यावे.

वर्गणी गोळा करायची असेल तर एकानेच नव्हे, दोघांनी हिशोब ठेवावा. पैसे शक्य तोवर थेट रुग्णाच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यात जावेत. आलेली आणि खर्चलेली रक्कम घरच्यांना लेखी द्यावी. पैशावरून एकदा शंका आली की पुढच्या आजाऱ्याला कोणी मदत करत नाही.

रुग्णाचे केस गेलेले, नळ्या लावलेले फोटो मोबाइलवर फिरवू नयेत. मदत मागण्यासाठी त्याची लाज विकावी लागता कामा नये. त्याने स्वतः परवानगी दिली तर गोष्ट वेगळी.

झाडपाला, अंगारे-धुपारे किंवा कोणा ‘हमखास’ वैद्याचा पत्ता देऊन चालू उपचार बंद पाडू नयेत. देव डॉक्टरांच्या हातांनीही बरे करतो.

५. आत्म्याची काळजी

आपल्यापैकी पुष्कळांना अजून असे वाटते की धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे आता सारे संपले. त्या भीतीपोटी घरचे लोक फादरांना शेवटच्या घटकेला बोलावतात. तोवर रुग्ण शुद्धीवर नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की या संस्काराला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य आहे. हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नव्हे. आजार गंभीर आहे असे कळले की, किंवा मोठ्या ऑपरेशनच्या आधी, तो घ्यावा. संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे असेच सांगतो. तेव्हा ख्रिस्ती सोबत्याचे एक कर्तव्य असे की, घरच्यांना हे समजावून सांगावे आणि फादरांना वेळेवर कळवावे.

सोबती दुसऱ्या धर्माचा असला तर? तर आपण त्याच्यावर काहीही लादू नये. शोमरोन्याने जखमी माणसाचा धर्म विचारला नव्हता. आपल्या जिल्ह्यातील सेनगाव, औंढ्याच्या वाटेने शेगावची पालखी जाते. थकलेल्या वारकऱ्याला दिंडी मागे टाकून जात नाही, हे आपण दर वर्षी पाहतो. चांगुलपणा कोठेही दिसला तरी तो देवाचाच आहे.

आणि सारे करूनही सोबती बरा झाला नाही तर? हा प्रश्न टाळता येत नाही. कफर्णहूमचा माणूस चालत घरी गेला, पण प्रत्येक बाज रिकामी परत येत नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांसाठी भारतातील ते पहिले आश्रयस्थान. तेथे रोग हटवण्याचा नव्हे, वेदना कमी करण्याचा आणि माणसाला मानाने निरोप देण्याचा प्रयत्न होतो. यातून आपण एवढे शिकावे की, इलाज संपला म्हणून सेवा संपत नाही. त्याच्या मागे राहिलेली आई, पत्नी, लेकरे, फिटायचे राहिलेले गाडीचे हप्ते, हे ते उकरलेले छप्पर आहे. ते बुजवायला जे थांबतात, ते खरे सोबती.

६. लघु ख्रिस्ती समूहात विचार करण्यासाठी

(१) आपल्या वस्तीत तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ आजारी असलेले कोण आहेत? त्यांच्याकडे शेवटी कोण आणि कधी गेले होते?

(२) आपल्या समूहातील प्रत्येकाचा रक्तगट आपल्याला ठाऊक आहे काय? आजच वहीत लिहून घेता येईल काय?

(३) चार कोपऱ्यांपैकी कोणता कोपरा मला उचलता येईल? रक्त, कागद, वाट आणि हात, की सोबत?

(४) आपल्या तरुणांच्या मोटारसायकलींचा महिन्यातून एक दिवस आजाऱ्यांसाठी उपयोग कसा करता येईल?

११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये तो ठरवला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. त्या दिवसाची वाट न पाहता येत्या आठवड्यात प्रत्येक समूहाने निदान एका आजाऱ्याच्या घरी दोघांना पाठवावे, आणि निघताना पुढच्या भेटीचा वार सांगून यावे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, बाज उचलणाऱ्या चौघांचा विश्वास तू पाहिलास. आमच्या आजारी भावाबहिणींना उचलून घेण्याचे बळ आमच्या खांद्यांना दे. गर्दी पाहून आम्ही मागे फिरू नये, दिवस लांबले म्हणून आम्ही थकू नये, आणि काम झाल्यावर छप्पर बुजवायला आम्ही विसरू नये. आमेन.